पीळ, वजन आणि न वाचलेली दोन पानं

सोनबा, काल नदीवर तुमचा दहावा झाला आणि पिंड ठेवताक्षणी कावळा शिवला. तुमच्या मुलाने, रखमाजीने हात जोडून मागे सरावं, एवढाही वेळ त्या पक्ष्याने दिला नाही. भाऊबंद खूश झाले. माणूस तृप्त होऊन गेला, मागे काही राहिलं नाही, असं सगळे एकमेकांना सांगू लागले. मी मात्र मागे उभा राहून त्या कावळ्यावर चिडलो होतो. तो अडून बसेल, लोक काय काय कबूल करून थकतील आणि मग मी पुढे होऊन हळूच माझं कबूल करीन, अशी माझी तयारी होती. तुमचं काही राहिलं नव्हतं. राहिलं आहे ते माझं, आणि त्यासाठी कावळा कशाला थांबेल?

म्हणून लिहायला बसलो. उद्या सकाळी सरदारांपुढे त्या दोन यंत्रांचं टिपण वाचून दाखवायचं आहे. ते दफ्तरात राहील आणि पुढे कुणाला असलं यंत्र करायचं झालं तर तेच उघडून बघतील. माझ्यापुढे या घटकेला त्या टिपणाचे दोन मसुदे पडले आहेत. एकात माझी अब्रू शाबूत राहते. दुसऱ्यात राहत नाही. तुम्ही असता तर पहिलाच द्या म्हणाला असता, हे मला ठाऊक आहे, आणि त्याचाच मला राग येतो.

आपली ओळख तशी तोंडदेखली होती. तुम्ही तोफखान्याच्या कारखान्यातले जुने सुतार, तोफांचे गाडे करणारे. मी दफ्तरातला फारसीनवीस. फारसी पत्रं वाचायची, त्यांची उत्तरं लिहायची आणि आपल्यावाचून कुणाचं पान हलत नाही अशा चेहऱ्याने फिरायचं, हा माझा दिनक्रम. चैत्रात सरदारांनी आपल्या दोघांना एकत्र बोलावलं. मावळातल्या एका गडाचा किल्लेदार फिरला होता. फौज खाली जाऊन बसली होती, पण तोफा चढवायला वाट नव्हती आणि खालून मारलेले गोळे कड्यावर आपटून परत येत होते. शेजारच्या डोंगराच्या सोंडेवर माणसं चढू शकत, तोफ चढत नव्हती. कुणीतरी सरदारांच्या कानावर घातलं, की दफ्तरात एक जुना फारसी ग्रंथ आहे, त्यात दारूशिवाय दगड फेकणाऱ्या यंत्रांची चित्रं आहेत. मी वाचून सांगायचं आणि तुम्ही करायचं, असं ठरलं.

ग्रंथात यंत्रं दोन होती. पहिलं फार जुनं, यूनानी यवनांच्या काळचं. लाकडाची बसकी, भक्कम चौकट. तिच्यात जनावराच्या आतड्यांच्या ताती आणि घोड्याचे केस वळून केलेल्या दोरांचा मांडीएवढा जुडगा आडवा ताणलेला आणि त्या जुडग्याच्या पोटात एक दांडा खुपसलेला. जुडग्याला दोन्ही टोकांनी पीळ द्यायचा, दांडा मागे ओढून खुंटीत अडकवायचा, त्याच्या टोकाच्या वाटीत दगड ठेवायचा. खुंटी काढली की पीळ उलगडू बघतो आणि दांडा उसळून दगड भिरकावतो. मी हे सगळं चांगलं घोळवून सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, ही तर कडब्याच्या गाडीची काठी. गाडीवरचा कडबा आवळताना दोरात काठी घालून पीळ देतात, आणि ती हातातून सुटली की गाडीवानाचे दात पाडते. माझ्या अर्ध्या प्रहराच्या निरूपणाची तुम्ही एका वाक्यात वासलात लावलीत.

दुसरं यंत्र त्यानंतर कित्येक शतकांनी आलेलं, सुलतानांच्या काळात किल्ल्यांपुढे उभं राहिलेलं. त्यात पीळ नाही, तात नाही. दोन उंच पायांच्या मधे आडव्या कण्यावर तोललेला एक लांबच लांब दांडा. त्याच्या आखूड बाजूला दगडमातीने भरलेली पेटी, लांब बाजूच्या टोकाला गोफण. लांब टोक खाली ओढून अडकवायचं. सोडलं की पेटी धाडकन खाली येते आणि गोफण वरून फिरून दगड लांब टाकते. आधी म्हणे पेटीच्या जागी माणसंच दोर ओढत असत. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की माणसं दमतात, दगड दमत नाहीत. हे तुम्हाला कळावं म्हणून मी माझ्या आजोळची, कोकणातली विहीर सांगितली. तिच्यावर लाट असते, लांब दांडा, एका टोकाला दगड बांधलेला, दुसऱ्या टोकाला पोहरा. दगड खाली जातो, पाणी वर येतं. माझी आजी एका हाताने पाणी काढायची.

तुम्ही लगेच म्हणालात, मग हेच करू.

तिथे आपलं वाजलं, ते शेवटपर्यंत वाजतच राहिलं. माझा ओढा पहिल्याकडे होता. ते लहान होतं, सुटं करून बैलांवर लादता येत होतं, त्याचा दगड नीट रोखाने जात होता. शिवाय ते जुनं होतं. जुन्या लोकांनी जे केलं ते बुद्धीने केलं आणि नंतरच्यांनी नुसती धसमुसळी ताकद लावली, असं माझं मत होतं आणि ते मी तुम्हाला रोज ऐकवत होतो. तुम्ही वाकसाने लाकूड तासता तासता म्हणत होता, की पेटी रिकामी नेता येते, दगड काय डोंगरावर कमी आहेत? दोन दगड जास्त टाकले की लांब जाईल, दोन काढले की जवळ पडेल. पिळाचं तसं नाही, आज एक, उद्या दुसरं. मी म्हणालो, तुम्हाला सोपं ते बरं वाटतं. एकदा वाकस खाली ठेवून तुम्ही माझ्याकडे वळलात.

"पंत, मागनं आलेली माणसं काय येडी नव्हती. आधीचं चांगलं व्हतं तर त्यांनी ते सोडलं कशापायी?"

मी म्हणालो की ग्रंथ मी वाचलाय, तुम्ही नाही. तुम्ही पुन्हा तासायला लागलात.

सरदारांनी माझं ऐकलं. ऐकणारच, कारण मी शास्त्राधार असल्यासारखा बोलत होतो आणि पहिलं यंत्र लवकर होणार होतं. खराडीकडून जुनी, मुरलेली बाभूळ आणली. पिंजाऱ्याच्या धनुकलीला असते तसली तात गोळा झाली, पागेतल्या घोड्यांची शेपटं भादरली गेली. तुम्हाला ते यंत्र पसंत नव्हतं, पण काम असं केलंत की चौकटीच्या सांध्यात नख शिरत नव्हतं. मी रोज संध्याकाळी येऊन बघायचो आणि काहीतरी खोड काढायचो. तुमची सून मला पाणी द्यायची आणि तुम्ही मला बसायला फळीचा तुकडा पुसून द्यायचा. त्या संध्याकाळी माझ्या आयुष्यातल्या चांगल्या संध्याकाळी होत्या, सोनबा. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

वैशाखाच्या रखरखीत उन्हात कोथरूडच्या माळावर यंत्राची परीक्षा झाली. सरदार स्वतः आले होते. खुंटी काढण्याआधी तुम्ही हात वर केलात आणि तुमची ती रीत सुरू झाली, जी मला तोवर माहीत नव्हती. ताणलेल्या कशाचीही खुंटी काढायची तर आधी प्रत्येकाने मोठ्याने आपलं नाव आणि आपण कुठे उभे आहोत ते सांगायचं. डोळ्यांना धूळ लागते, घाम येतो, नजर चुकते, पण आवाज चुकत नाही, असं तुमचं म्हणणं. रखमाजी, डाव्या पायाशी. असे एकेक जण बोलले. माझ्यावर आलं तेव्हा मी दुरून ओरडलो, "पंत."

"नाव सांगा," तुम्ही म्हणालात. "पंत पुण्यात ढिगानं हायत."

सरदारही हसले. मी कसंबसं म्हणालो, गोविंद, ओढ्याच्या अंगाला, चिंचेखाली. सगळ्यांत लांब उभा होतो हे त्यामुळे सगळ्यांना कळलं. शेवटी तुम्ही स्वतःचं नाव घेतलंत, मोगरी मारलीत आणि दांडा उसळला. दगड माळ ओलांडून पलीकडच्या बांधावर जाऊन पडला. मी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या.

सरदार खुशीत होते. सामान कधी निघेल एवढंच त्यांनी विचारलं. तेवढ्यात तुम्ही पुढे झालात आणि हात जोडून म्हणालात, की फौज पोचून चौकट उभी राहीपर्यंत मिरग लागेल. तिथे डोंगरात पाऊस फार. तात भिजली तर काय करायचं, हे ग्रंथात असेलच. पंतांनी तेवढं वाचून सांगावं.

ग्रंथ माझ्या हातातच होता. पहिल्या यंत्राच्या चित्रांनंतर दोन पानं होती, ती तुम्हालाही माहीत होती. त्या दोन पानांवर फारसी नव्हती, अरबी होती. लिहिणाऱ्याने कुठल्या तरी आणखी जुन्या ग्रंथातून ती जशीच्या तशी उतरवून घेतली होती. अक्षरं तीच. पण आपल्या बाळबोध अक्षरांत कुणी कानडी लिहून ठेवावी आणि आपण ती वाचावी, तसली माझी गत. ती पानं एका बैठकीत वाचून दाखवतील असे वृद्ध मौलवी कसब्यात राहत होते. पण फारसीनवीस म्हणून मिरवणाऱ्याने दुसऱ्याच्या दारात जाऊन हे वाचून द्या म्हणायचं, हे माझ्याच्याने होईना. चैत्रापासून मी ती पानं उलटून पुढे जात होतो.

आणि त्या दिवशी सरदार माझ्याकडे बघत होते. मी पान उघडलं, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणालो, की लिहिलंय. तातीला तेल पाजावं, वर कातडं घालावं, म्हणजे पावसाने काही होत नाही.

तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. माझ्या बोटाकडे बघत होता.

"असंच लिवलंय?"

"असंच."

एवढंच. तुम्ही मान हलवलीत आणि चौकट सोडवायला वळलात. मला हायसं वाटलं, ते तुमचा वाद संपला म्हणून.

दोन दिवसांनी तुम्ही माझ्या घरी आलात. चित्रं फळीवर उतरवून घ्यायची आहेत, ग्रंथ दोन दिवस द्याल का, असं विचारलंत. मी दिला. देताना म्हणालो, तेवढा उलटा धरू नका म्हणजे झालं. तुम्ही हसलात. परत केलात तेव्हा तो धुतलेल्या फडक्यात बांधलेला होता आणि पानांत कुठेतरी लाकडाचा एक बारीक तुकडा राहिला होता. मी तो फुंकून टाकला आणि बायकोला म्हणालो, सुताराच्या हाती ग्रंथ दिला की असं होतं.

यंत्र निघालं तेव्हा तुम्हीही निघालात. साठीचा माणूस, तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. सामानात एक लांब सागवानी वासा आणि एक रिकामी पेटी जास्तीची होती. कशाला, असं मी विचारलं तर म्हणालात, गाड्याला सुटं लाकूड लागतंच. मी पुण्यात राहिलो. माझं काम झालं होतं.

पुढचं मी रखमाजीकडून ऐकलं. त्यातलं निम्मं तुम्ही परत आल्यावर आणि उरलेलं काल, दहाव्यानंतर, नदीच्या पायऱ्यांवर बसून. तुम्ही होता तोवर त्याला बोलायची बंदी होती म्हणे.

सोंडेवर यंत्र उभं राहिलं आणि पाऊस सुरू झाला. तेल पाजलं होतं, कातडं घातलं होतं. चार दिवसांत तात सैल पडली आणि दगड दरीत पडू लागले. वरच्या गडावरून लोक हसत होते, ते ऐकू येत होतं. तिथल्या जमादाराने हुकूम केला, आणखी पीळ द्या. तुम्ही नको म्हणालात. त्याने पंतांच्या ग्रंथाचा हवाला दिला. तुम्ही गप्प बसलात आणि पीळ दिला गेला, एक, आणखी एक. दांडा ओढून खुंटीत अडकवला आणि पुन्हा सर आली म्हणून सगळे आडोशाला गेले. सर थांबली ती थांबलीच. दुपारी लख्ख ऊन पडलं. तास-दीड तासात ती तात वाळू लागली आणि चौकटीतून करकर असा आवाज यायला लागला.

ओली तात सैल असते म्हणून तिला जास्तीचा पीळ दिलेला, आणि आता ती वाळून आपसूक आवळत होती. कुणी जवळ जाईना. दांडा तसाच ठेवला तर कधी सुटेल आणि कुणाला घेईल याचा नेम नाही. तुम्ही मोगरी घेतलीत. रखमाजी पुढे झाला, त्याला हाताने मागे सारलंत. मग तुम्ही हात वर केलात आणि नावं मागितलीत. सगळे बोलले. कोण कुठल्या खडकाआड आहे ते तुम्ही ऐकून घेतलंत. एकाचं नाव आलं नाही, तो झाडामागे झोपला होता. त्याला उठवून हलवेपर्यंत तुम्ही त्या करकरत्या चौकटीशी तसेच उभे राहिलात. शेवटी स्वतःचं नाव घेतलंत आणि खुंटीवर घाव घातलात. दांडा सुटला, त्यासरशी चौकटीचा डावा खांब उभा चिरला आणि त्याची भली मोठी ढलपी उडून तुमच्या बरगड्यांवर बसली. बाकी कुणाला ओरखडाही आला नाही.

आणि तुम्ही, छाती पंच्याने आवळून बांधून, एका धोंड्यावर बसून, तो सागवानी वासा आणि ती रिकामी पेटी मागवलीत. चार दिवसांत दुसरं यंत्र उभं राहिलं. पुन्हा पाऊस लागला होता आणि त्याला पावसाचं काही देणंघेणं नव्हतं. रखमाजी सांगत होता, पेटीतली माती भिजून जड झाली, तर बाबांनी दोन दगड कमी केले. तिसऱ्या दिवशी गडावरच्या धान्यकोठाराचं छप्पर फुटलं आणि त्यातून पाऊस आत गेला. किल्लेदाराने बोलणं लावलं.

मला तुम्ही घाटात घसरलो म्हणून सांगितलंत.

गड मिळाल्यावर सरदारांच्या चौकात सत्काराचा समारंभ झाला तेव्हा तुम्हाला धड उभं राहवत नव्हतं. तरी तुम्ही आला होता, खांबाला टेकून. सरदार म्हणाले, पंत, पहिलं यंत्र पावसात दगा देईल हे ओळखून तुम्ही निघतानाच सोनबाकडून दुसऱ्याची तयारी करवून घेतली होती म्हणे. सोनबाने आम्हाला सगळं सांगितलं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही त्या खांबाच्या जोडाकडे बघत होता, सुताराने तो नीट बसवलाय का याची खात्री करून घेत असल्यासारखे. तो क्षण केवढा होता, सोनबा? एक वाक्य बोलता येईल एवढा होता. मी मान लववली आणि माझ्या खांद्यावर शेला पडला.

तो शेला अजून पेटीवर घडी घालून ठेवलेला आहे. बायको कौतुकाने आल्यागेल्याला दाखवते.

नंतर मी तुमच्याकडे पाच वेळा आलो. तुम्हाला ताप होता, खोकला आला की तुम्ही डावा हात छातीवर दाबून धरायचा. दर वेळी मी ठरवून यायचो आणि दर वेळी बोलणं त्या जुन्या वादावर जायचं. मी म्हणायचो, काही म्हणा, पहिल्याचा रोख सरळ होता, दुसऱ्याचा दगड ढगात जाऊन कुठे पडेल कोण जाणे. तुम्ही म्हणायचा, पडतो ना पाहिजे तिथं. मी हट्टाने भांडायचो, कारण भांडत असलो की दुसरं काही बोलावं लागत नसे. शेवटच्या खेपेला तुम्ही म्हणालात, की आधीचं का सोडलं ते तुम्हाला कळलंय. पिळाचं यंत्र ज्याने केलं त्यालाच कळतं. त्याला तात वळणारा लागतो, ती कधी रुसते हे ओळखणारा लागतो आणि तो माणूस गेला की यंत्र गेलं. पेटीत दगड भरायला कुणीही चालतो. मी म्हणालो, मग त्यात कसब काय राहिलं? त्यावर तुम्हाला खोकला आला आणि उत्तर राहिलं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी रखमाजी निरोप घेऊन आला.

आज सकाळी मी कसब्यात मौलवींकडे गेलो. उद्याच्या टिपणात ती दोन पानं हवीतच होती. नाहीतर उद्या आणखी कुणी ओल्या तातीला पीळ देईल. लाज वाटत होती, पण आता लाजेचं कारण दुसरंच मोठं झालं होतं. मी ग्रंथ पुढे ठेवला. त्यांनी पान उघडलं, डोळ्यांजवळ नेलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, की ही पानं मी एकदा वाचून दाखवली आहेत. वैशाखात. सोनबा सुतार घेऊन आले होते. हे दार त्यांनीच बसवलेलं, मी त्यांना कसा नाही म्हणणार?

मग त्यांनी मला वाचून दाखवलं. त्यात सगळं होतं. हे यंत्र ओलाव्याच्या मुलखात नेऊ नये. तात भिजली तर सैल पडते, तेव्हा पीळ वाढवू नये, सोडून ठेवावी. आणि भिजलेली तात उन्हात आवळू लागली तर तिच्याजवळ कुणी उभं राहू नये.

मी विचारलं, सोनबा काय म्हणाले? मौलवी आठवून म्हणाले, त्यांनी दोनदा वाचून घेतलं. म्हणाले, पंत वाचतात तेव्हा त्यांचं बोट उजवीकडून डावीकडे चालत जातं, या दोन पानांवर ते एका जागी बसून राहतं. आणि जाताना हात धरून म्हणाले, "एवढं त्यांचं वाचायचं ऱ्हाऊन गेलंय. पंतांस्नी सांगू नगा, मी बघतो."

मी बघतो! सोनबा, हे कसलं बघणं? तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि तुम्ही ती पानं वाचून घेतलीत. मला येतं म्हणून मी मिरवलं आणि ती वाचली नाहीत. इथवर मला समजतं. पण मग तुम्ही सरदारांकडे का गेला नाहीत? माझ्याकडे का आला नाहीत? माझ्या दारात उभं राहून, पंत तुम्ही खोटं बोललात, एवढं म्हणाला असता तर मी चिडलो असतो, आरडाओरडा केला असता, आणि संध्याकाळी मुकाट सरदारांकडे गेलो असतो. गेलो असतो ना? तुम्हाला खात्री नव्हती. खरं सांगायचं तर मलाही नाही. तुम्ही मला ओळखून होता आणि तरी फळी पुसून देत होता. कसब्यातून घरी येईपर्यंत मला तुमचा इतका राग आला होता, की रस्त्यात भेटलेल्या दोघांना मी ओळखसुद्धा दिली नाही. मला सांभाळायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? एका कारकुनाची अब्रू म्हणजे काय, की तिच्यापायी बरगड्या द्याव्यात?

घरी येऊन पहिला मसुदा लिहिला. तो फार चांगला जमला आहे. ओलाव्याने तात सैल पडते असे पुढे अनुभवास आले, असं एक वाक्य त्यात आहे. सगळी खबरदारी त्यात येते, पुढच्या माणसाचा जीव वाचतो आणि ती खबरदारी आधीच लिहिलेली होती हे कुणाला कळत नाही. तुम्ही तेच केलं असतं. मौलवी कुणाला सांगायचे नाहीत, रखमाजीला त्या पानांची गोष्ट माहीतच नाही. तुमच्यानंतर हे सगळं जाणणारा मी एकटाच होतो.

दुसरा मसुदा आखूड आहे. त्यात लिहिलंय, की ही दोन पानं मला वाचता आली नाहीत. वाचता येतात असं मी कोथरूडच्या माळावर सरदारांपुढे सांगितलं, ते खोटं होतं. सोनबा सुतार यांनी ती दुसऱ्याकडून वाचून घेतली, दुसरं यंत्र स्वतःच्या बुद्धीने केलं आणि पहिल्याच्या चिरलेल्या खांबाने ते गेले. दुसरं यंत्र करण्याचं मी त्यांना कधीही सांगितलं नव्हतं. उलट रोज नको म्हणून सांगत होतो.

हे वाचल्यावर काय होईल ते मला माहीत आहे. फारसी पत्रं दुसऱ्याकडे जातील. शेला परत द्यावा लागेल, त्याआधी मीच नेऊन ठेवीन. बायकोला आज संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, त्यांची सून नेहमी माझ्याकडे बघून हसायची, तिला आता मी काय तोंड दाखवू? एवढं बोलून ती उठली आणि शेला फडक्यात बांधू लागली.

पहिला मसुदा मी फाडलेला नाही. तो तुमच्या प्रेमाने लिहिलेला आहे, निदान तुमच्या पद्धतीने. पण सोबत नेणार नाही.

एक गोष्ट मला काल रखमाजीने सांगितल्यापासून सोडत नाही. त्या करकरणाऱ्या चौकटीशी उभं राहून तुम्ही नावं मागितलीत आणि एकेकाचं आलं. झाडामागे झोपलेल्याचंही शेवटी आलं. ज्याचं यायला हवं होतं त्याचंच आलं नाही, कारण तो पुण्यात होता. तुम्ही ते माहीत असून घाव घातलात.

उद्या टिपण उघडण्याआधी मी सांगणार आहे. गोविंद. पुण्यात, कोरड्यात, बोट त्या पानावर ठेवून. मग वाचायला सुरुवात करीन.